छत्तीस झाडांची यादी

रस्त्याकडेच्या झाडांना खाली गेरू, वर चुना आणि त्यावर पुन्हा गेरूचा पट्टा मारलेला दिसला की माझं डोकं आजही फिरतं. लोक म्हणतात, किती स्वच्छ दिसतं. काय स्वच्छ दिसतं? झाड काय घाण होतं? एस.टी.तून जाताना मी तोंड दुसरीकडे फिरवतो. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली आणि राग कमी झालेला नाही. तो कुणाकुणावर आहे आणि किती आहे, हे एकदा मांडून ठेवावं म्हणून लिहितो आहे. त्यात माझाही वाटा आहे. तोही लिहीन.

मी चोपड्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. माझी बायको तेव्हा गावातल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, हंगामी. दर जूनला नवं नेमणूकपत्र, दर एप्रिलला काम संपलं. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा होती. तिने विषय घेतला होता झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या शेवाळींचा. शेवाळी म्हणजे विहिरीतलं शेवाळ नव्हे, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. त्यांत दोन मोठे गट. एकाला पुस्तकात हरिता म्हणतात. भिंगातून पाहिलं तर इवलीशी काडी आणि तिच्याभोवती चारी बाजूंनी पानं. दुसऱ्या यकृतका; सालीवरच्या यकृतका सालीला चिकटून पसरतात आणि त्यांची पानं दोन ओळींत, वेणी घातल्यासारखी असतात. दोन्हींना मूळ नाही, फूल नाही, बी नाही. झाडाचं त्या काही खात नाहीत. सालीवर फक्त राहतात.

विषय ऐकून लोक हसायचे. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. माझ्या शाळेतले मराठीचे सर म्हणाले, "शेवाळ बघायला लोक कोकणात जातात. चोपड्यात कुठलं आलं? इथे माणसं वाळतात." भडगावहून तिचा धाकटा भाऊ यायचा, तो अर्ध्या अहिराणीत म्हणायचा, "अक्का, आमच्या गिरणा नदीच्या घाटावर भरपूर शे. घसरीसन पडाले ये." ती हसायची नाही आणि चिडायचीही नाही. एका फाल्गुनात तिने मला सातपुड्याच्या पायथ्याशी नेलं. तिथे एका वस्तीजवळून ओढा उतरतो आणि त्याच्या दोन्ही काठांनी जुने आंबे आणि अर्जुनाची झाडं आहेत. एका आंब्याच्या बुंध्यावर काळी, जळक्या कातड्यासारखी खपली होती. मला वाटलं, झाडाला खरूज झाली आहे. तिने बाटलीतलं घोटभर पाणी त्यावर ओतलं आणि घड्याळ बघायला सांगितलं. पहिल्या मिनिटात काही नाही. मग खपलीच्या कडा उघडू लागल्या आणि चौथ्या मिनिटाला तळहाताएवढा तो तुकडा हिरवागार झाला. त्यापुढे मी घड्याळ बघायचं विसरलो. मला आकड्यांखेरीज कशाचं फारसं वेड नाही, पण त्या दिवसापासून मी तिच्या कामात पडलो.

काम माझ्या जोगतं होतं. सायकलच्या तारा वाकवून मी दहा सेंटीमीटरची चौकट केली आणि आत दोरे ताणून शंभर घरं पाडली. ती चौकट सालीवर धरायची आणि कोणती जात किती घरांत आहे ते मोजायचं. आम्ही छत्तीस झाडं धरली. प्रत्येक झाडाला पत्र्याचा क्रमांक बांधला. प्रत्येकाच्या चार दिशा आणि तीन उंच्या: पायथा, कंबरेची उंची आणि स्टुलावर चढून हात पुरेल तिथे. छत्तीस गुणिले बारा, म्हणजे चारशे बत्तीस चौकटी. वर्षातून दोनदा, पावसात आणि उन्हाळ्यात. ती भिंगातून बघून नाव सांगायची, मी लिहायचो. झाडांचा घेरही मी मोजला आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा तक्ता केला.

वस्तीतले एक नाना शेळ्या घेऊन ओढ्यावर यायचे. साठीच्या पुढचे, पावसावरची थोडी शेती आणि बाकी जंगलातली मोहफुलं, डिंक, चारोळी. पहिल्या वर्षी आम्हाला झाडाला चौकट लावून बसलेलं बघून त्यांनी विचारलं, "काय भाऊ, झाडले ताप उना का?" मी म्हटलं, हो, मोजतोय. म्हणाले, "मंग उतरना का?" पुढे दर खेपेला हाच प्रश्न. पण आमच्या क्रमांकाच्या झाडांना त्यांनी कधी शेळी घासू दिली नाही, आणि वस्तीतल्या कुणाला कुऱ्हाड लावू दिली नाही. त्यांना आम्ही कधी तसं सांगितलं नव्हतं.

तिचे मार्गदर्शक पुण्याचे. ते म्हणाले, कोरड्या मुलखातलं काम करायचं तर आधी ओलं रान बघून या, नाहीतर काय नाही ते कळणार नाही. म्हणून एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या सदाहरित रानात गेलो. तीन दिवसांचा प्रवास, कडेवर दोन वर्षांची मुलगी. तिथे मी पहिल्यांदा बघितलं की झाडाची साल दिसतच नाही असंही झाड असतं. पायथ्याशी गादीसारख्या जाड हरिता. छातीच्या उंचीला वेगळ्या, पंख्यासारख्या. फांद्यांवरून लोंबणाऱ्या आणखी वेगळ्या. वाऱ्याने मोडून पडलेली एक फांदी होती, तिच्या टोकाकडे पुन्हा निराळं कुटुंब. जिवंत झाडाच्या हिरव्या पानावरसुद्धा यकृतकांचे ठिपके होते. एकाच झाडाच्या एकाच बाजूला माझी चौकट तीनदा लावून तिने एकोणीस प्रकार मोजले. आमच्या छत्तीस झाडांवर तोवर सगळे मिळून अठ्ठावीस होते. मला जरा कमीपणा वाटला. ती म्हणाली, "अहो, इथे रोज धुकं आहे. आपल्याकडच्या आठ महिने तहानलेल्या असतात. दोघांना एक परीक्षा कशी लावता?"

तिथल्या झाडांवर तिला एक यकृतका फार आवडली होती. तांबूस तपकिरी, सालीवर कोरल्यासारखी, आणि प्रत्येक पानाच्या खाली टाचणीच्या डोक्याहून लहान पिशवी, पाणी साठवायला. भिंगातून मला ती पिशवी दिसायला पंधरा मिनिटं लागली.

तीच, किंवा अगदी तिच्यासारखी, चौथ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या ओढ्यावर सापडली. क्रमांक सतराचा आंबा, उत्तर बाजू, कंबरेची उंची. अकरा घरं. मग आणखी तीन झाडांवर मिळून नऊ घरं. एकूण वीस. एका घराची बाजू एक सेंटीमीटर. म्हणजे सगळी मिळून ती वीस चौरस सेंटीमीटर होती. पोस्टकार्डाच्या पावभागाहून कमी. सदाहरित रानात राहणारी, आणि पत्ता चोपडा तालुका. ती चिखलात मांडी घालून बसली. मग म्हणाली, "हिला कुणी सांगितलं असेल इथे राहता येतं म्हणून?"

तिने नखाएवढा एक तुकडा काढून वर्तमानपत्राच्या पुडीत घालून पुण्याला पाठवला. उत्तर आलं: शोध महत्त्वाचा दिसतो, पण या तुकड्यावर बीजुकांचं, म्हणजे बीऐवजी असणाऱ्या भुकटीचं, बोंड नाही. त्याशिवाय जात ठरत नाही. पाऊस संपता संपता बोंडं येतील, तेव्हा पुन्हा घ्या, मी स्वतः येतो. मी तिला म्हटलं, आताच थोडी जास्त घेऊन ठेव, काय भरवसा? ती म्हणाली, "वीस घरं आहेत. त्यातली पाच मी नेली तर तिच्याकडे काय उरलं? पाऊस सरता सरता येईलच की बोंड. राहू दे तिला तिच्या जागी." मला ते पटलं. आजही पटतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे कॉलेजातल्या काही शहाण्यांनी तिलाच विचारलं की तुम्ही आधी का नाही काढून ठेवली.

आता माझा भाग.

श्रावणात बायकोच्या कॉलेजचं शिबिर त्याच वस्तीजवळ लागणार होतं. वृक्षारोपणाला कुणी मोठे पाहुणे येणार होते. शिबिराचे प्रमुख म्हणजे त्याच कॉलेजातले एक प्राध्यापक. उत्साही, तोंडाने गोड, कुठल्याही कामाला आधी हो म्हणणारे. ते माझ्या शाळेत आले. "सर, हायवेपासून वस्तीपर्यंत रस्त्याचे कडुनिंब रंगवायचेत. चुना किती लागेल, जरा तुमच्या पद्धतीने काढून द्या ना. तुमच्याशिवाय कोण आहे इथे आकड्यांचं?"

एवढं वाक्य मला पुरतं, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं.

कडुनिंबांचा घेर कुणी मोजला नव्हता. माझ्याकडे छत्तीस घेर तयार होते. मी ते कागदावर उतरवले: क्रमांक, घेर, दीड मीटर उंचीला रंगवायचं क्षेत्र. सरासरी घेर दोन मीटर दहा सेंटीमीटर, म्हणून एका झाडाला तीन पूर्णांक पंधरा शतांश चौरस मीटर. खाली लिहिलं, या सरासरीला कडुनिंबांच्या संख्येने गुणावे. कडुनिंब आंब्यापेक्षा बारीक, हे मला ठाऊक होतं. चुना थोडा उरेल, कमी पडायला नको, असा विचार मी केला. कागद नीट आखला, सुवाच्य लिहिला, दोनदा पडताळला. फक्त वर शीर्षक लिहिलं नाही. हा तक्ता कशाचा आहे, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. मुलांच्या उत्तरपत्रिकेत एकक राहिलं तर मी अर्धा गुण कापतो.

पावसाने आठ दिवस उघडीप दिली होती. शिबिर संपलं, पाहुणे आले आणि गेले. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं सकाळच्या गाडीने गेलो. बोंडं आली का ते बघायचं होतं. रस्त्याचे कडुनिंब दोन्ही बाजूंनी पांढरेफेक उभे होते. मी म्हटलं, "बघ, चुना पुरला." मी ते कौतुकाने म्हटलं होतं.

ओढ्याकडे वळलो आणि ती थांबली.

आंबे पांढरे होते. अर्जुनाची झाडं पांढरी होती. खाली गेरू, वर गेरूचा पट्टा, सरळ, जणू पट्टी लावून ओढलेला. ती एका झाडाकडून दुसऱ्याकडे धावत गेली. मी नेहमीप्रमाणे मोजत गेलो, कारण मला दुसरं काही येत नाही. ओढ्याच्या काठाने शंभराच्या वर झाडं आहेत. रंगवलेली बरोबर छत्तीस होती. एक कमी नाही, एक जास्त नाही. पत्र्याचा प्रत्येक क्रमांक व्यवस्थित बाजूला करून, खाली रंग देऊन, परत जागेवर बसवला होता.

नाना शेळ्या सोडून आमच्याकडे आले. त्या दिवशी त्यांनी ताप विचारला नाही. तिच्याकडे बघत म्हणाले, "बाई, मी सांगं त्येस्ले. बाईना झाडे शेतस, हात नका लावा. पहिले खुरपंघाई बठ्ठं घसी काढं, मंग चुना लावा. मी आडवा गऊ ते त्या म्हनात, बाबा, यादी बाईना घरनीच शे."

शिबिराच्या पोरांनी खुरप्याने सगळं घासून मग चुना लावला होता, आणि आडव्या गेलेल्या नानांना सांगितलं होतं, यादी बाईच्या घरचीच आहे. ती माझ्याकडे वळली. "कुठली यादी?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एक प्रश्न विचारला, "शीर्षक नव्हतं?" मी नाही म्हटलं. मग ती सतराव्या आंब्याच्या उत्तर बाजूला गेली आणि चौकट लावली. चुन्यावर. मला म्हणाली, "लिहा." आम्ही त्या दिवशी सगळ्या चौकटी लावल्या. पायथा आणि कंबर मिळून दोनशे अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक वेळी ती म्हणायची, काही नाही, आणि मी लिहायचो. वरच्या एकशे चव्वेचाळीस शाबूत होत्या, कारण त्यांचा हात दीड मीटरच्या वर गेला नव्हता. पण ती यकृतका वर नव्हतीच. झाडाखालच्या मातीत आम्ही खरवडलेला चुरा शोधला. त्यातही चुन्याचं पाणी मुरून दगडासारखे गोळे झाले होते. तिची बोटं भाजली. मी ओरडलो की पुरे कर. ती म्हणाली, "तुम्ही ओरडू नका. आज तुम्ही ओरडू नका."

दुसऱ्या दिवशी मी शिबिरप्रमुखांकडे गेलो. त्यांनी मला बघून दारातूनच हाक मारली, "या सर! तुमच्या यादीमुळे काय काम झालं! कडुनिंब झाले, चुना उरला, म्हटलं सरांनी झाडांची यादी दिलीच आहे क्रमांकासकट. एक झाड सुटलं नाही बघा!" आत चहा सांगितला. मी उभा राहूनच विचारलं, खरवडलं कशाला? "अहो, शेवाळावर चुना धरत नाही. आणि झाडाला त्रासच ना तो? पोरांनी अगदी आंघोळ घातल्यासारखी साफ केली झाडं."

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असं नंतर कळलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं, हे मी कबूल करतो. पण वाईट कशाचं? माझ्या ओरडण्याचं. शेवटी म्हणाले, "वहिनींची चार वर्षं वाया नाही जाणार सर. शेवाळच आहे, येईल परत पावसात."

मी एकच मागितलं. शिबिराच्या अहवालात लिहा की या छत्तीस झाडांवर संशोधन चालू होतं आणि ते या कामात नष्ट झालं. दोन ओळी. ते म्हणाले, बघतो. अहवाल छापून आला. त्यात लिहिलं होतं, "ओढ्याकाठच्या जुन्या छत्तीस वृक्षांची निगा राखण्यात आली." मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी अहवाल चाळला आणि म्हणाले, "आकडा तर बरोबर आहे ना?" मी गणिताचा शिक्षक. आकडा बरोबर होता.

हा राग मी नऊ वर्षं वाटत आलो आहे. थोडा त्या प्राध्यापकांना, थोडा प्राचार्यांना, थोडा त्या पाहुण्यांना, जे ओढ्याकडे फिरकलेही नव्हते. जिला हिरवा, काळा, खरखरीत बुंधा दिसला की तो घाणच वाटतो, अशा आपल्या सगळ्यांच्या नजरेलाही देतो. पण वाटून झाला की शिल्लक माझ्याकडेच येते. कागद माझा होता.

मार्गदर्शक ठरल्याप्रमाणे आले. झाडं बघितली, डोक्याला हात लावला. म्हणाले, आता चुन्यानंतर काय काय परत येतं ते मोजा, तेही एक प्रकरण होईल. तिने ते केलं. प्रबंध दोन वर्षं लांबला. टंकलेखन करताना जातींचा मुख्य तक्ता मी तयार केला. मी एकूण एकोणतीस लिहिले. तिने पेनने खोडून अठ्ठावीस केले.

मी म्हटलं, "आपण दोघांनी बघितली आहे. वीस घरं होती. माझ्या हातचं वहीत आहे."

"जात ठरली होती का?"

"नाही."

"मग तक्त्यात कशी येईल? तळटीप देते, ओळख अपूर्ण म्हणून."

"तिने तिथे राहायला किती वर्षं लावली असतील, आणि आपण तिला तळटीप देणार?"

"तुम्हीच शिकवलंत ना मुलांना, पायऱ्या नसतील तर उत्तराला गुण नाहीत?" ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी पान पुन्हा टाईप केलं. अठ्ठावीस.

पदवी मिळाली. पुढच्या वर्षी ती कायमही झाली. नातेवाईक म्हणतात, मग झालं ना सगळं नीट? मी उठून बाहेर जातो.

दर भाद्रपदात आम्ही ओढ्यावर जातो. नाना आता नाहीत. त्यांची सून शेळ्या आणते आणि लांबूनच हात हलवते. चुना बहुतेक धुऊन गेला आहे, सालीच्या भेगांत तेवढा राहिला आहे. हरिता परतल्या, सगळ्या नाही, पण बऱ्याच. कागदावर मी आधी शीर्षक लिहितो, मग ठिकाण, मग तारीख, आणि मगच चौकट उचलतो. गेल्या खेपेला सतराव्या आंब्याच्या उत्तर बाजूला ती बराच वेळ भिंग लावून बसली. गुडघे दुखतात तिचे आता. मी पेन घेऊन उभा होतो. ती काही बोलेना, तेव्हा मी त्या रकान्यात शून्य लिहिलं.

तिने मान वळवून कागद बघितला. "शून्य नका लिहू."

"मग काय लिहू? नाही ना?"

"आपल्याला दिसली नाही, एवढंच माहीत आहे. तसं लिहा."

मी शून्य खोडलं आणि लिहिलं, दिसली नाही. तिला हात देऊन उठवलं, आणि आम्ही अठराव्या झाडाकडे गेलो. पेन इतकं दाबलं होतं की खालच्या तीन पानांवर ते शब्द उमटले होते.